हाताला सतत घाम येणारं मूल : चूक कोणाची?



माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाची वही कायम ओलसर असायची. शाई पसरलेली, कागद फाटलेला. "हात पुसून लिहायला काय होतं रे?" म्हणून मी त्याला दोनदा रागावले. मग डिसेंबरमधल्या एका सकाळी, सगळे स्वेटर घालून बसलेले असताना, त्याच्या तळहातावर थेंब दिसले आणि मीच ओशाळले.

घाम शरीर थंड ठेवतो, हे आपण मुलांना शिकवतोच. पण तळहात-तळपायांचा घाम उन्हापेक्षा मनावरच्या ताणाला जास्त दाद देतो. काही मुलांत घामग्रंथी ठीक असतात, त्यांना मज्जातंतूंकडून मिळणारा हुकूमच जादा असतो. याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. म्हणजे "घाबरू नकोस" म्हटल्याने तो थांबत नाही, उलट वाढतो.

निदान बहुतेक वेळा विचारपूस करूनच होतं. सहा महिन्यांहून जास्त काळ त्रास आहे का? दोन्ही हातांना सारखाच? घरात आणखी कोणाला आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, झोपेत हात कोरडे असतात का? (हे आईलाच माहीत असतं!) कुठे किती घाम येतो हे बघायला डॉक्टर कधी त्वचेवर आयोडीन लावून वर स्टार्चची पूड टाकतात. घामाच्या जागी निळा-काळा रंग येतो. आपला बटाट्याचा प्रयोगच की हा!

मात्र घाम अंगभर असेल, रात्री कपडे भिजत असतील, सोबत ताप, खोकला, वजन घटणं किंवा धडधड असेल, तर क्षयरोग, थायरॉईड अशी कारणं तपासावी लागतात. तेव्हा थांबू नका.

उपचाराची सुरुवात साधी असते. ॲल्युमिनियम क्लोराईडचं औषध रात्री अगदी कोरड्या हाताला लावायचं, सकाळी धुवायचं. ते घामाच्या नळीचं तोंड बंद करतं. थोडी आग, खाज होते. आजी तुरटी सांगते, तीही ॲल्युमिनियमचंच संयुग. पण औषधासारखं ठरलेलं प्रमाण तिच्यात नाही. याने भागलं नाही तर पाण्यात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देणारं यंत्र असतं. कृपया घरी वायरी जोडून हा उद्योग करू नका. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, उन्हाळ्यात अंग तापू शकतं, त्यामुळे त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा परिणाम काही महिनेच टिकतो, आणि तळहातावर ती फार दुखतात. मज्जातंतूची शस्त्रक्रिया अगदी शेवटी, कारण नंतर पाठ-पोटाला घाम वाढू शकतो.

वर्गात आपण काय करायचं? मनगटाखाली टीपकागद, खिशात जादा रुमाल, शाईऐवजी पेन्सिल. खेळात हात धरायची सक्ती नको. आणि "पाणी कमी पी" असं तर चुकूनही सांगू नका.

त्या मुलाच्या आईला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सुचवलं. तो आता रात्री औषध लावतो. हात पूर्ण कोरडे झालेले नाहीत, पण परवा फळ्यावर गणित सोडवायला स्वतःहून उठला.