प्रोटॉन थेरपी : ताकद थांबण्यात आहे

नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियलच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ केंद्रात ऑगस्ट २०२३ पासून कर्करुग्णांवर प्रोटॉनचे उपचार सुरू झाले. चेन्नईच्या अपोलो केंद्रात ही सोय जानेवारी २०१९ मध्येच आली होती. तेव्हापासून रेडिएशन सांगितलेल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो : साध्या शेकापेक्षा प्रोटॉनने आजार लवकर बरा होतो का? वेळ पडली तर शेताचा तुकडा विकू, पण औषधपाण्यात कमी पडायचं नाही, ही घरच्यांची तयारी त्या प्रश्नामागे असते.

गाठीतल्या पेशींवर प्रोटॉनचा मारा नेहमीच्या रेडिएशनमधल्या क्ष-किरणांहून फारसा वेगळा नसतो. डोस ठरवताना डॉक्टर त्याचा परिणाम जेमतेम १.१ पट धरतात. खरा फरक पडतो तो गाठीच्या पलीकडे.

किरण जातो कुठे?

नेहमीच्या लिनॅक यंत्रातले क्ष-किरण शरीरात शिरतात, कातडीखाली थोड्याच अंतरावर सर्वाधिक ऊर्जा सोडतात आणि मग हळूहळू क्षीण होत आरपार निघून जातात. वाटेत गाठ लागते, तशी गाठीमागची निरोगी इंद्रियंही लागतात. म्हणून अनेक दिशांनी थोडा थोडा मारा करून तो गाठीवर एकवटतात. या तंत्राने गेल्या काही दशकांत मोठी मजल मारली आहे. तरी आजूबाजूच्या बऱ्याच भागाला थोडा थोडा डोस बसतोच.

प्रोटॉन हा वजन आणि विद्युतभार असलेला कण. वेगात असताना तो वाटेतल्या पेशींना फारशी ऊर्जा देत नाही. वेग मंदावतो तशी ती अधिकाधिक सुटते आणि अखेरच्या काही मिलिमीटरमध्ये उरलेली सगळी रिती होते. दिवाळीतला बाण वर जाताना चार ठिणग्या सांडतो आणि ठरल्या उंचीवर फुटतो, तसंच हे. पुढे जवळपास काहीच उरत नाही. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्फा कणांमध्ये हे वर्तन टिपलं, म्हणून त्या टोकाला ‘ब्रॅग पीक’ म्हणतात. कण किती खोल जाऊन थांबेल, हे त्याच्या ऊर्जेवर ठरतं. ७० एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ४ सेंटिमीटर जातो, २३० एमईव्हीचा ३० सेंटिमीटरहून थोडा अधिक. ऊर्जा बदलत गाठीचा एकेक थर रंगवल्यासारखा भरत न्यायचा, अशी आजची पद्धत आहे.

प्रोटॉनच्या या थांबण्याच्या गुणाचा उपचारासाठी उपयोग करावा, असं अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवलं. ते अणुबाँबच्या प्रकल्पावर काम करून आले होते. १९५४ मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत पहिल्या रुग्णावर उपचार झाले, पण अमेरिकेत लोमा लिंडा इथे रुग्णालयाच्याच आवारात असं केंद्र उभं राहायला १९९० उजाडलं. कारण यंत्राचा पसारा. कणांना वेग देणारा सायक्लोट्रॉन, रुग्णाभोवती फिरणारी सुमारे शंभर टनांची गॅन्ट्री आणि दोन-तीन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती. उपचाराची किंमत चढते ती इथे.

कोणाला उपयोग?

सर्वांत स्पष्ट उत्तर लहान मुलांचं आहे. मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीत शस्त्रक्रियेनंतर बहुतेकदा संपूर्ण मेंदू आणि पाठीचा कणा यांना रेडिएशन द्यावं लागतं. पाठीकडून सोडलेले क्ष-किरण मणक्यातून पुढे निघून थायरॉइड, हृदय, आतडी, मुलींच्या बाबतीत अंडाशय, यांपर्यंत पोहोचतात. प्रोटॉन मणक्याच्या पुढच्या कडेपाशी थांबवता येतो. ज्याच्यापुढे साठ-सत्तर वर्षांचं आयुष्य आहे, त्याच्यासाठी हृदयविकाराचा किंवा रेडिएशनमुळेच उद्भवणाऱ्या दुसऱ्या कर्करोगाचा धोका कमी होणं फार मोलाचं. मात्र मेंदूला डोस द्यायचाच असल्याने अभ्यासावर, स्मरणशक्तीवर होणारा परिणाम प्रोटॉनने पुरता टळत नाही.

कवटीच्या तळाशी, मेंदूच्या देठाला खेटून वाढणारा कॉर्डोमा, डोळ्यातला मेलानोमा, किंवा एकदा रेडिएशन झालेल्या जागी पुन्हा उलटलेला आजार, इथेही हाच न्याय लागू पडतो.

प्रोस्टेटचं उदाहरण उलट्या बाजूचं. इथे प्रोटॉन सहसा दोन्ही कुशींवरून, खुब्यांमधून सोडतात. गुदाशय झोताच्या टोकाला नव्हे, कडेला येतं आणि इतक्या खोलीवर झोताची कड विसविशीत झालेली असते. म्हणजे थांबण्याच्या गुणाचा फायदा इथे फारसा मिळत नाही. अमेरिकेत ४५० रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत आजार आटोक्यात राहण्यात किंवा शौच-लघवीच्या त्रासात ठळक फरक दिसला नाही. शरीरभर पसरलेल्या आजारातही अचूक थांबण्याला सहसा अर्थ उरत नाही.

शिवाय थांबण्याची जागा अंदाजानेच काढावी लागते. सीटी स्कॅनवरून केलेल्या हिशेबात तीनेक टक्क्यांची चूक धरतात. २० सेंटिमीटर खोलीवर ती ६ मिलिमीटर होते. रुग्ण बारीक झाला, सायनसमध्ये पाणी भरलं, श्वासाबरोबर गाठ हलली, तर टोक पुढे-मागे सरकतं. म्हणून मधूनमधून पुन्हा स्कॅन करून प्लॅन बदलतात.

निर्णय घेताना

उपचार साधारण पाच ते सात आठवडे चालतात, आठवड्यातून पाच दिवस. अर्धा-पाऊण तास मुख्यतः रुग्णाला नेमक्या स्थितीत झोपवण्यात जातो, झोत मिनिट-दोन मिनिटांचा असतो. तो लागताना दुखत नाही. लहान मुलांना भूल द्यावी लागते. कातडी लाल होणं, त्या जागचे केस जाणं, थकवा, हे प्रोटॉननेही होतं.

डॉक्टरांना विचारावं ते असं : माझ्या गाठीमागे नेमकं कोणतं इंद्रिय वाचणार आहे, आणि किती? दोन्ही पद्धतींचे प्लॅन शेजारी ठेवून डोसचा फरक दाखवता येतो, तो जरूर पाहावा. खर्च, विम्याची मर्यादा आणि परगावी दीड-दोन महिने राहण्याची सोय यांची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधीच करावी.

आणि तारीख विचारायला विसरू नये. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर शक्यतो सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हावं लागतं. तोवर प्रोटॉनचा नंबर लागणार नसेल, तर जवळच्या रुग्णालयातल्या लिनॅकवर वेळेत सुरू झालेला शेकच त्या रुग्णासाठी उत्तम उपचार असतो.