'द किलर' की 'हार्ड बॉइल्ड'?

दिग्दर्शक जॉन वू, नायक चाऊ युन-फॅट, शहर हाँगकाँग. तरी दोन्ही चित्रपटांची चव निराळी. 'द किलर'मध्ये (१९८९) तो भाडोत्री मारेकरी. त्याच्या गोळीबारात एका गायिकेची दृष्टी जाते आणि तिच्या ऑपरेशनच्या पैशांसाठी तो शेवटची सुपारी घेतो. चर्च, मेणबत्त्या, कबुतरं... जरा रडकं आहे, पण मनात राहतं.

'हार्ड बॉइल्ड'मध्ये (१९९२) तोच पोलीस! हॉस्पिटलमधला अडीच मिनिटांहून लांब सलग शॉट डोळे फाडून बघा. हा पोलीस आणि त्याचा साथीदार लिफ्टमध्ये बोलत असतात, तेवढ्यात बाहेर तोच सेट बदलून दुसरा मजला तयार! कथा मात्र यथातथाच.

ॲक्शनला 'हार्ड बॉइल्ड', पण माझं मत 'द किलर'लाच. आधी तो बघा.