तोंडातील पेशीजालाचे काठिण्य

कोवळा बांबू सुरीने सहज चिरतो. तोच जून झाला म्हणजे कोयत्यालाही दाद देत नाही. त्याच्या पेशींच्या भिंतींत काष्ठद्रव्य साचून त्यांस ताठपणा आलेला असतो. तान्ह्या मुलाची टाळू आरंभी मऊ असते. पुढे तेथील पडद्यात चुन्याचे क्षार बसून हाड बनते व दीड वर्षाच्या सुमारास ती भरून येते. जखमेचा व्रण भोवतालच्या कातडीपेक्षा कठीण लागतो, कारण तेथे शरीराने कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंचे ठिगळ लावलेले असते. पेशीजालाचे काठिण्य हे अशा रीतीने सजीवांचे बळच होय. मात्र ते योग्य वेळी थांबले पाहिजे. न थांबल्यास काय होते, याचे उदाहरण सुरतेसारख्या शहरात दूर शोधावे लागत नाही.

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करताना झोप व भूक मारण्यासाठी सुपारीची पूड गालात धरण्याची सवय अनेकांस जडते. सुपारी, चुना व तंबाखू एकत्र चोळून केलेला मावा तर गुजरातेत घरोघरी ठाऊक आहे. प्रथम तिखट खाताना तोंडाची आग होते. पुढे गालाची आतली बाजू पांढुरकी पडते, तेथे ताठ पट्टे हातास लागतात आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. भाकरीचा घासही आत जाणे कठीण होते.

१९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी या विकाराचे वर्णन करून त्यास नाव दिले. त्याचे कारण पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. सुपारीतील अॅरेकोलिन हे द्रव्य तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चेतवते. सुपारीतील तांब्यामुळे ते तंतू एकमेकांस घट्ट जखडतात, आणि तिच्यातील तुरट द्रव्यांमुळे जुने तंतू विरघळून जाण्याची नित्याची क्रिया मंदावते. नवे तंतू पडत राहतात, जुने जात नाहीत. जणू कोठेही जखम नसताना शरीर ठिगळावर ठिगळ लावीत सुटते.

येथे एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. तंबाखू सोडून नुसती सुपारी खाणारा मनुष्य स्वतःस सुरक्षित मानतो. तंबाखू घातक आहेच. परंतु तोंड आखडण्याचे मूळ सुपारीत आहे. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी केवळ सुपारीसही कर्करोगकारक ठरविले. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षांच्या काळात लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. २०१२ साली महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. परंतु सुपारी त्या बंदीत आली नाही, आणि पानमसाला व तंबाखू यांच्या निरनिराळ्या पुड्या घेऊन त्या तोंडात एकत्र करणारेही आहेत.

एकदा आखडलेले पेशीजाल पूर्ववत मऊ होणे बहुधा शक्य नसते. औषधे, तोंड उघडण्याचे व्यायाम व प्रसंगी शस्त्रक्रिया यांनी काही अंशी आराम पडतो; पण सुपारी चालू असता त्यांचा उपयोग टिकत नाही. यास्तव आरंभीच सावध होणे हाच खरा उपाय. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून ती समोरच्या दातांमध्ये सहज जातात की नाही, हे प्रत्येकास घरी पाहता येते. ती जात नसतील, किंवा साध्या तिखटानेही तोंड भाजत असेल, तर सुपारी त्याच दिवशी बंद करावी आणि दंतवैद्यास तोंड दाखवावे. गालाचा मऊपणा अद्याप शिल्लक असेल, तेवढा तरी त्यायोगे राखता येतो.