प्रसूतीतील इजा आणि नुकसानभरपाई : दोन्ही बाजूंनी पाहिलेले

स्मरणिकेसाठी यंदा काही लिहावे, असे मंडळाच्या संपादकांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात लसीकरणाचा विषय होता. तो बाजूस ठेवून मी या विषयाकडे वळलो, त्याला एक कारण आहे. आबिड्सवरील माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग मी आजवर मित्रांनाही पुरता सांगितलेला नाही. तो येथे सांगितल्याखेरीज पुढील कायद्याच्या गोष्टींना अर्थ राहणार नाही.

एके दिवशी सायंकाळी काचीगुड्याचे एक मराठी कुटुंब आले. आई-वडील, आजी आणि वीस महिन्यांची मुलगी. मुलीचा उजवा हात खांद्यापासून आत वळलेला आणि कोपरात सरळ लोंबत होता. डाव्या हाताने ती माझ्या टेबलावरील स्टेथोस्कोप ओढीत होती. उजवा हात मात्र तेथवर येत नव्हता. वडिलांनी प्रसूतिगृहाची फाईल पुढे ठेवली. ती मिळविण्यासाठी त्यांना तीन फेऱ्या घालाव्या लागल्या होत्या. आईला गरोदरपणी मधुमेह होता, बाळाचे वजन चार किलो दोनशे ग्रॅम होते, आणि डोके बाहेर आल्यावर खांदा अडकला होता. त्या दहा मिनिटांविषयी फाईलमध्ये एकच ओळ होती : प्रसूती अवघड, बाळ रडले.

"डॉक्टरसाहेब, यात कुणाची चूक आहे का, एवढंच सांगा," असे आजी म्हणाल्या.

मी पाने उलटीत गेलो. शेवटी लसीकरणाचे कार्ड होते, आणि त्यावर अक्षर माझे होते. चौदाव्या आठवड्याच्या डोसाच्या वेळी मी त्या मुलीला तपासले होते. हाताविषयी मी लिहिले होते : मालिश चालू ठेवावी, सुधारेल.

"विचार करून सांगतो," एवढे बोलून मी त्यांना परत पाठविले, आणि तीन आठवडे काहीच केले नाही.

इजा म्हणजे काय, आणि काय नव्हे

आपल्या सभासदांना हे ठाऊक आहे. पण स्मरणिका घरोघरी जाते, म्हणून थोडे विवेचन करतो. जन्माच्या वेळी होणाऱ्या साऱ्या इजा सारख्या नसतात. डोक्यावर आलेली रक्ताची गाठ बहुधा काही आठवड्यांत विरते. गळपट्टीचे हाड मोडले तरी चटकन जुळते. मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला ताण बसला, तर हात लुळा पडतो. अशी बहुतेक बाळे बरी होतात. काही होत नाहीत. तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर वाकविण्याची ताकद परतली नाही, तर अशा शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाकडे बाळाला पाठवावे लागते, कारण मज्जातंतूंची दुरुस्ती पहिल्या वर्षातच उपयोगी ठरते. नेमक्या याच टप्प्यावर मी मालिश लिहून दिली होती.

सर्वांत मोठा गैरसमज मेंदूच्या पक्षाघाताविषयी आहे. १८६२ साली लंडनच्या विल्यम लिटल या डॉक्टरने त्याचा संबंध कठीण प्रसूतीशी जोडला, आणि तेव्हापासून असे मूल दिसले की बोट सुईणीकडे किंवा डॉक्टरकडे वळते. प्रत्यक्षात यांपैकी बहुसंख्य मुलांच्या बाबतीत कारण प्रसूतिकळांच्या आधीचे असते. १९९९ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्यासाठी कसोट्या घालून दिल्या : नाळेच्या धमनीतील रक्ताची आम्लता ठराविक मर्यादेपलीकडे गेलेली असणे, जन्मानंतर लगेच मेंदूविकाराची लक्षणे दिसणे, आणि पक्षाघाताचा प्रकार त्याच्याशी जुळणारा असणे. म्हणजे मुलाचे अपंगत्व हा निष्काळजीपणाचा पुरावा नव्हे. अपंगत्व, चूक आणि त्या दोहोंमधील कार्यकारण संबंध, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात.

खांदा अडकणे हेही अनेकदा आधी कळत नाही, आणि कुशल हातांतही इजा होते. प्रश्न असतो तो पुढील : मधुमेह ठाऊक असताना बाळाच्या वजनाचा अंदाज घेतला होता काय? आईला धोका समजावून सांगितला होता काय? खांदा अडकल्यावर मांड्या पोटाकडे घेऊन ओटीपोटावर दाब दिला, की गर्भाशयाच्या माथ्यावर दाब देऊन बाळाचे डोके ओढले? यांची उत्तरे फाईलने द्यायची असतात.

कायद्याची वाट

डॉक्टरने रुग्ण हाती घेतला की त्याच्यावर तीन कर्तव्ये येतात : रुग्ण घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणते उपचार करावेत हे ठरविताना, आणि ते उपचार करताना काळजी घेणे. सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र सांगितले ते पुण्याच्या एका डॉक्टरविरुद्धच्या खटल्यात. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने तो १९६९ च्या निकालसंग्रहात आहे.

आपल्या विषयाला अधिक जवळचा खटला मराठवाड्यातला आहे. जो मुलूख १९५६ पर्यंत याच हैदराबाद राज्यात होता, त्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक स्त्री बाळंत झाली. तीन दिवसांनी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप आणि वेदना वाढत गेल्या. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत कापडाचा बोळा राहिलेला आढळला. २४ जुलै रोजी ती दगावली. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी तो पुन्हा कायम केला. बोळा आपोआप पोटात राहत नाही; अशा ठिकाणी वस्तुस्थितीच बोलते, आणि सरकारी नोकराच्या चुकीची जबाबदारी सरकारला टाळता येत नाही, हे त्यातून पक्के झाले. तोवर ज्या बाळाच्या जन्मानंतर हे घडले, त्याचे वय बत्तीस वर्षांचे झाले असते.

ही दिरंगाई टाळण्याचा मार्ग १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उघडला, आणि १३ नोव्हेंबर १९९५ च्या 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता' या निकालाने वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली असल्याचे स्पष्ट झाले. जेथे सर्वांवरच मोफत उपचार होतात ते रुग्णालय या कायद्याबाहेर राहते. तेथे दिवाणी न्यायालयाचा रस्ता असतो. १९९८ साली 'स्प्रिंग मेडोज' खटल्यात न्यायालयाने मूल आणि आई-वडील असे दोघेही ग्राहक मानले. मुलासाठी साडेबारा लाख आणि आई-वडिलांच्या मनस्तापासाठी वेगळे पाच लाख रुपये देवविले.

आपल्या शहराचे दोन निकाल प्रत्येक सभासदाने वाचावेत असे आहेत. १९९० मध्ये निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये शस्त्रक्रियेनंतर कमरेखाली लुळ्या झालेल्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सर्वोच्च न्यायालयाने मे २००९ मध्ये एक कोटी रुपये व त्यावर व्याज मंजूर केले. तेथे संमती किती शस्त्रक्रियेसाठी घेतली होती, हा कळीचा मुद्दा होता. मार्च २०१० च्या 'किशनराव' निकालात, हिवतापावर विषमज्वराचे उपचार झाल्याच्या तक्रारीत, न्यायालयाने म्हटले की प्रत्येक प्रकरणी तज्ज्ञाचे मत सक्तीचे नाही. चूक उघड असेल तर आयोग स्वतः निर्णय देऊ शकतो. प्रसूतीतील इजेत मात्र चूक क्वचितच एवढी उघड असते, म्हणून तज्ज्ञ लागतोच.

नवजात बाळांच्या बाबतीत जुलै २०१५ चा चेन्नईचा निकाल महत्त्वाचा. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या १२५० ग्रॅमच्या मुलीच्या डोळ्यांचा पडदा वेळेवर तपासला गेला नाही व ती अंध झाली. न्यायालयाने पुढील आयुष्याचा खर्च महागाईसह धरून सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये देवविले. भरपाई कशी मोजतात, ते यावरून कळते : झालेला खर्च, पुढील उपचार, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, बुडणारी कमाई आणि वेदना. मूल जितके लहान, तितकी गरजेची वर्षे जास्त.

कुटुंबांसाठी

प्रथम कागद. रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. आणि आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

दुसरे, मुदत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण दाखवावे लागते. सुधारेल, सुधारेल म्हणत ही दोन वर्षे सहज निघून जातात.

तिसरे, ठिकाण. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार करता येते. आपल्यात पहिले बाळंतपण माहेरी होते. नांदेडला किंवा लातूरला बाळंत झालेली सून हैदराबादेत राहत असेल, तर तिला येथेच दाद मागता येईल. कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागणीच्या रकमेवर नव्हे, तर दवाखान्याला दिलेल्या पैशांवर ठरते. ती रक्कम ५० लाखांच्या आत असल्यास जिल्हा आयोग, आणि पाच लाखांच्या आत असल्यास शुल्कही नाही.

चौथे, पोलीस ठाणे हा पहिला थांबा नव्हे. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, आणि स्वतंत्र डॉक्टरच्या मताशिवाय पोलिसांनी पुढे जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या 'जेकब मॅथ्यू' निकालात सांगितले आहे. दवाखान्याच्या काचा फोडून मुलाच्या व्यायामोपचाराचा खर्च निघत नाही.

आपल्यासाठी

तीन आठवड्यांनंतर मी त्या कुटुंबाला बोलाविले. ज्यांनी प्रसूती केली ते स्नेही आहेत आणि कार्डावर माझी सही आहे, म्हणून माझे मत निःपक्ष मानले जाणार नाही, हे सांगितले. परगावच्या एका तज्ज्ञाचे नाव दिले. शिवाय, चौदाव्या आठवड्यात मी या मुलीला पुढे पाठवायला हवे होते व पाठविले नाही, हे माझ्या लेटरहेडवर लिहून दिले. मुदत संपायला तेव्हा तीन महिने उरले होते. चौथा माझ्या विचारात गेला होता.

नोटीस दोघांना आली. ती उघडताना हात थरथरतो, हे मी अनुभवाने सांगतो. स्नेह्यांचा फोन आला : "तुम्ही लिहून द्यायला नको होतं." पुढे आयोगापुढे तडजोड झाली. विमा कंपन्यांनी रक्कम भरली, ती मुलीच्या नावे ठेवली गेली आणि तीतून व्यायामोपचार सुरू झाले. खांद्याची एक शस्त्रक्रिया झाली. हात आता डोक्यापर्यंत जातो. वेणी घालण्याइतका नाही. स्नेह्यांशी माझे बोलणे पुन्हा सुरू झाले, पण या विषयावर आम्ही आजही बोलत नाही.

या अनुभवातून सभासदांना तीन विनंत्या. नोंद त्याच वेळी, घड्याळाच्या वेळेसह करावी : खांदा केव्हा अडकला, काय केले, किती मिनिटांत बाळ आले. अशी नोंद प्रामाणिक डॉक्टरचे जेवढे रक्षण करते, तेवढे कोणताही वकील करीत नाही. नोंद मागाहून बदलणे मात्र मूळ चुकीहून मोठी चूक ठरते. दुसरे, इजा झाल्यास त्याच दिवशी आई-वडिलांना स्वतः बसून सांगावे व पुढच्या तपासणीची तारीख द्यावी. तिसरे, एखादे कुटुंब मत मागायला आले तर दार लावू नये. मत त्यांच्या बाजूचे असेलच असे नाही. 'चूक झालेली नाही' हेदेखील कुणीतरी कागद वाचून, समजावून सांगावे लागते.

दोष सिद्ध न करता भरपाई देण्याची पद्धतही जगात आहे. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघाती इजांना अशी भरपाई मिळते. जपानने जानेवारी २००९ मध्ये प्रसूतीशी निगडित मेंदूच्या पक्षाघातासाठी तीन कोटी येनची योजना सुरू केली. तीत प्रत्येक प्रकरणाच्या कारणांची तपासणी होऊन अहवाल निघतो व त्यातून इतर दवाखाने शिकतात. आपल्याकडे नसबंदीतील अपयश व गुंतागुंतीसाठी २००५ पासून सरकारी भरपाईची सोय आहे; जन्मातच इजा झालेल्या बाळासाठी नाही. अशी योजना आली तर आई-वडिलांना न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी व्यायामोपचार मिळेल, आणि डॉक्टरला सत्य सांगताना भीती वाटणार नाही. आपल्यासारख्या संस्थांनी ही मागणी लावून धरावी असे मला वाटते.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी दिले. प्रसूतीत चूक होती की नाही, ते ठरविणे माझ्या अधिकारात नव्हते. कार्डावरची चूक माझी होती, एवढे मला सांगता आले. त्या काही बोलल्या नाहीत. मुलीची पुढची लस मात्र त्यांनी माझ्याकडूनच टोचून घेतली.