वैनगंगेचे पाणी आणि पर्यटकांचा खेळ

भंडारा जिल्ह्याच्या वाट्याला पर्यटनाचे भाग्य येऊ घातले आहे. पवनी तालुक्यातील गोसीखुर्दच्या विस्तीर्ण जलाशयावर सुमारे शंभर कोटी रुपयांचा जलपर्यटन प्रकल्प शासनाने हाती घेतला असून, २०२४ साली तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजनही झाले. आंभोऱ्याला पाच नद्यांच्या संगमावर तारांनी तोललेला नवा पूल पाहावयास सुट्टीच्या दिवशी नागपूरची मंडळी गर्दी करतात. पर्यटन नको, असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. ज्या जिल्ह्यातील पदवीधर मुलगा नागपूर-पुण्याची वाट धरतो, तेथे नदीकाठीच चार पैसे मिळणार असतील तर त्यांना नाही कोण म्हणेल? प्रश्न आहे तो हा की, हे पैसे कोणाच्या हाती जाणार आणि पाण्यात उतरणाऱ्याच्या जिवाची हमी कोण घेणार? याचा विचार करताना, आपल्यासारखाच भात पिकविणाऱ्या लाओस देशातील एका गावाचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे.

त्या गावाचे नाव वांग विएंग. चुनखडीच्या उभ्या डोंगरांच्या पायथ्याशी, नाम साँग नावाच्या नदीच्या काठी ते वसले आहे. १९९९ च्या सुमारास तेथील एका शेतमालकाने आपल्या शेतावर स्वेच्छेने राबणाऱ्या परदेशी तरुणांना विरंगुळा म्हणून मोटारीच्या हवा भरलेल्या ट्यूबा आणून दिल्या. दिवसभराच्या कामानंतर ट्यूबवर बसावे आणि संथ प्रवाहाबरोबर गावापर्यंत वाहत यावे, एवढाच तो खेळ. आपल्याकडची मुले पाठीला डबा बांधून तळ्यात उतरतात, त्याहून त्यात निराळे काही नव्हते. परंतु पाठीवर पिशवी बांधून स्वस्तात जग हिंडणाऱ्या तरुणांमध्ये ही वार्ता पसरली आणि काही वर्षांतच नदीच्या दोन्ही तीरांवर बांबूच्या मचाणांवरील मद्यालयांची रांग उभी राहिली. वाहत येणाऱ्याला दोर टाकून काठाशी ओढून घ्यावयाचे, बादलीत कालविलेली दारू त्याच्या हाती द्यावयाची आणि उंच झोक्यावरून त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यावयाचे, असा हा व्यवसाय होता. पाण्याखाली खडक आहेत आणि उन्हाळ्यात पात्र उथळ होते, हे गावातील पोराला ठाऊक असे. दूरदेशीहून आलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला ते कोण सांगणार? २०११ या एका वर्षात तेथील लहानशा रुग्णालयात सत्तावीस पर्यटकांच्या मृत्यूची नोंद झाली. कोणी बुडून, तर कोणी खडकावर डोके आपटून मेले. ज्या नदीत पिढ्यान्‌पिढ्या स्नान केले, तीत मेलेल्यांचे आत्मे वावरतात या भीतीने स्थानिक लोक उतरेनासे झाले, असे त्या वेळच्या वृत्तांतांतून वाचावयास मिळते. ज्याच्या शेतावर हा खेळ सुरू झाला, तो शेतमालकही पुढे त्या धुडगुसाविषयी तक्रार करू लागला होता.

सरकार जागे झाले ते २०१२ साली. काठावरील मद्यालये बंद केली गेली, झोके उतरविले गेले.

या साऱ्या कहाणीत एक गोष्ट मात्र आवर्जून घेण्यासारखी आहे. ट्यूबा भाड्याने देण्याचा हक्क कोणा एका धनिकाकडे नव्हता. परिसरातील वस्त्यांनी मिळून गट पाडले होते आणि आळीपाळीने एकेका वस्तीने ट्यूबा भाड्याने देऊन ते उत्पन्न आपल्या घरांत वाटून घ्यावयाचे, अशी रीत होती. पण दारूचा पैसा या पाळीच्या बाहेर होता. तो ज्याचा त्याचा होता, आणि नदीवर सत्ता चालली ती त्याचीच. जो भाग सामाईक होता तो निरुपद्रवी राहिला आणि जो खासगी होता तो जीव घेऊ लागला, असे म्हणणे थोडे ढोबळ होईल. तथापि अगदी चूक ठरणार नाही.

बंदीनंतर गाव ओसाड पडले असेही नाही. २०२१ च्या डिसेंबरात चीनला जोडणारी रेल्वे सुरू झाली, कुटुंबवत्सल प्रवासी आले, डोंगरांवरून फुगे उडू लागले. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने तेथे सहा परदेशी पर्यटकांचा बळी घेतला. त्यांत ऑस्ट्रेलियाच्या दोन मुली अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. मिथेनॉलची वेगळी चव कळत नाही. पोटात गेल्यावर शरीरातच त्याचे फॉर्मिक आम्ल बनते; ते प्रथम दृष्टी घेते आणि मग प्राण. लाओसकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये याच विषाने शंभरावर माणसे मेली, आणि ती पर्यटक नव्हती.

आता वैनगंगेकडे वळू. ही नदी नाम साँगपेक्षा कितीतरी मोठी आणि अधिक लहरी आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले तेव्हा ती भंडारा शहरातील वस्त्यांमध्ये शिरली होती. रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिकेवर तराफ्यांचा खेळ चालतो, तो भिरा येथील वीजगृहातून सकाळी सुटणाऱ्या पाण्याच्या वेळेवर. पाणी केव्हा येणार आणि केव्हा ओसरणार हे तेथे नावाड्याला माहीत असते. तेहतीस दरवाजांच्या गोसीखुर्दवर ही माहिती नाव चालविणाऱ्यापर्यंत वेळेत कशी पोहोचणार, हे भूमिपूजनाच्या भाषणांपेक्षा महत्त्वाचे आहे. (नाग नदीवाटे नागपूरचे सांडपाणी याच जलाशयात येऊन पडते, हेही पाहुण्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.)

शिवाय हे पाणी रिकाम्या जमिनीवर साठलेले नाही. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी होता. पुढे खर्च हजारो कोटींवर गेला, २००९ मध्ये प्रकल्प राष्ट्रीय ठरला, आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील कितीतरी गावे उठली. २०१३ साली सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज द्यावे लागले, यावरूनच मूळ पुनर्वसन कसे झाले असेल याची कल्पना यावी. ज्यांची घरे या पाण्याखाली आहेत त्यांच्या मुलांना त्याच पाण्यावर तिकिटे फाडण्याची नोकरी मिळेल, एवढ्यावर समाधान मानावयाचे काय?

वांग विएंगच्या पाळीची रीत आपल्याला परकी नाही. या जिल्ह्यातील धीवर समाजाच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेऊन सामाईक मासेमारी करीत आल्या आहेत. पात्रात डोह कोठे आहे, खडक कोठे आहे, वारा फिरला की डोंगा कोठे लावावा, हे त्यांच्याइतके कोणा कंत्राटदाराला ठाऊक नाही. बोटी, त्यांचे चालक आणि जीवरक्षक यांचे काम प्रकल्पग्रस्तांच्या व धीवरांच्या संस्थांना प्रथम देऊ करावे, काठावरील मद्याचे परवाने त्या-त्या ग्रामसभेच्या संमतीवाचून देऊ नयेत आणि धरणाचा विसर्ग ठरताच नौकाविहार थांबविण्याचा अधिकार एका नेमक्या अधिकाऱ्याकडे असावा. या मागण्यांत अवाजवी असे काही नाही. जलाशयावरील ठेक्यांच्या अटी मराठीतून जाहीर कराव्यात, अशी मागणी पवनी व भंडारा तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावी, आणि ते ठराव लिहून देण्याच्या कामी गावच्या शिक्षकांनी पुढे यावे.