उरलेल्या यकृताचा हिशेब

दिल्लीत वसंत कुंजला यकृताच्या आजारांसाठीच बांधलेलं सरकारी रुग्णालय आहे. नाव लांबलचक, इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेस. म्हणून सगळे आयएलबीएसच म्हणतात. शीला दीक्षित मुख्यमंत्री असताना दिल्ली सरकारने ते उभं केलं आणि डॉ. शिवकुमार सरीन त्याचे संस्थापक संचालक झाले. यकृताचे वैद्य, प्रत्यारोपणाचे सर्जन आणि किरणोपचार विभाग इथे एकाच आवारात आहेत. देशातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण 1998 मध्ये दिल्लीतच, अपोलोमध्ये झालं. त्यामुळे या शहरात यकृत म्हटलं की लोकांना प्रत्यारोपण आठवतं. किरणोपचाराचं, म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘शेक देण्याचं’, नाव फारसं कुणी घेत नाही.

याला जुनी भीती कारणीभूत आहे. 1965 साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की यकृतावर किरण पडल्यावर काही आठवड्यांनी रुग्णाच्या पोटात पाणी होतं, यकृत सुजतं, काही जण दगावतातही. अख्ख्या यकृताला साधारण 30 ग्रेपलीकडे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा सोसत नाही आणि कॅन्सरची गाठ तेवढ्याने मरत नाही. पुढे सीटी स्कॅन आला, यकृताच्या कुठल्या भागाला किती मात्रा मिळते हे मोजता येऊ लागलं, तेव्हा कळलं की थोडा भाग वाचवला तर बाकीच्याला बरंच सोसवतं.

आपल्याकडचा रुग्ण मात्र दोन आजार घेऊन येतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, नाहीतर मधुमेहासोबतचं फॅटी लिव्हर यांमुळे यकृत आधीच सिरॉसिसने आक्रसलेलं असतं, आणि त्यातच गाठ वाढते. म्हणून बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम यांचे गुण मांडून आधी ‘चाइल्ड-प्यू’ श्रेणी ठरवतात. किती शेक द्यायचा याचा पहिला निकाल तिथेच लागतो.

मग चित्रं. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं, सुमारे तीन-चतुर्थांश पोर्टल शिरेतून आणि उरलेलं धमनीतून. ही गाठ पोसली जाते ती मुख्यतः धमनीवर. म्हणून शिरेत कॉन्ट्रास्ट सोडून सीटी तीनदा काढतात. साधारण 35 सेकंदांनी गाठ उजळते. 70 सेकंदांच्या सुमारास भोवतालचं यकृत उजळतं. आणखी काही मिनिटांनी गाठ त्याच्यापुढे काळवंडलेली दिसते. पोर्टल शिरेत गुठळी झाली असेल तर ती साधी आहे की कॅन्सरची, हेही त्याच खेळात उघडं पडतं: कॅन्सरची गुठळी धमनीच्या फेरीत उजळते. हे वेळापत्रक न पाळता काढलेला स्कॅन कितीही महागड्या यंत्रावरचा असो, आखणीला जवळजवळ निरुपयोगी. लांबून आलेल्या नातेवाइकांच्या पिशवीत नेमका तोच निघतो. यंत्राच्या ब्रँडची जाहिरात करणाऱ्या रुग्णालयांनी त्या जागेत ‘ट्रायफेजिक’, म्हणजे तीन फेऱ्यांचा, एवढा एकच शब्द छापला तर जास्त उपकार होतील.

यकृत एका जागी थांबत नाही, हा पुढचा पेच. श्वासागणिक ते एक-दोन सेंटिमीटर, कधी त्याहूनही जास्त, वरखाली सरकतं. फोर-डी सीटीत श्वासाच्या एकेका टप्प्याचं चित्र वेगळं निघतं आणि गाठीची सगळी ये-जा दिसते. काही जणांच्या पोटावर पट्टा आवळून श्वास उथळ करतात, काहींना श्वास रोखायला शिकवतात. रुग्णाला उपाशीपोटी बोलावतात, कारण भरलेलं जठर गाठीजवळ सरकलं तर त्यालाही किरणांची झळ बसते. रोज शेक देण्याआधी यंत्रावरच पुन्हा सीटी होतो. आधी धमनीतून लिपिओडॉल हे तेलकट औषध गाठीत सोडलेलं असेल तर त्याचा पांढरा ठिपका आयता खुणेचा दगड ठरतो.

पडद्यावर डॉक्टर एकेका कापावर गाठ, जठर, आतडं, मूत्रपिंड आखतो. भौतिकतज्ज्ञ किरणांच्या दिशा बसवतो. निरोगी यकृतासाठीचा एक प्रचलित नियम असा, की तीन बैठकांत शेक द्यायचा तर किमान 700 घनसेंटिमीटर यकृताला 15 ग्रेपेक्षा कमी मात्रा मिळावी. सिरॉसिसमध्ये हात आणखी आखडता. आरटीओजी 1112 या आंतरराष्ट्रीय चाचणीत पाच बैठकांची मात्रा 27.5 ते 50 ग्रे अशी माणसागणिक वेगळी होती, आणि सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधाआधी असा शेक मिळालेल्यांचं मध्यम आयुर्मान 12.3 वरून 15.8 महिन्यांवर गेलं. प्रगत आजारात साडेतीन महिने हा आकडा थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

उपचारानंतरचा पहिला स्कॅन घरच्यांना हमखास घाबरवतो. गाठ धमनीच्या फेरीत अजून उजळतेच आहे, असं अहवालात लिहिलेलं असतं. किरणांनी मेलेली गाठसुद्धा कित्येक महिने अशी उजळू शकते. दुसऱ्या गावच्या रेडिओलॉजिस्टला शेकाची माहितीच नसेल तर तो ‘आजार शिल्लक’ लिहून मोकळा होतो आणि नको ते पुढचे उपचार सुरू होतात. म्हणून डिस्चार्ज कार्डासोबत मात्रेच्या आखणीची प्रत आणि जुन्या स्कॅनची सीडी मागून घ्यावी, आणि पुढचा प्रत्येक स्कॅन वाचणाऱ्याच्या हाती ती आधी द्यावी.