लँडिंगच्या वेळी विमानाची चाकं अडकली तर पायलट काय करतात?



११ ऑक्टोबर २०२४ ला तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान हायड्रॉलिक बिघाडामुळे दोन तासांहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालत होतं. आत १४१ प्रवासी होते. फ्लाइट ट्रॅकिंग अ‍ॅपवरचे त्याचे गोल गोल वळसे बघून मलाही प्रश्न पडला होता, की लगेच उतरवत का नाहीत? विमान सुखरूप उतरलं. पण या प्रश्नाचं उत्तर समजून घेण्यासारखं आहे.

घिरट्या कशासाठी?

टाकी भरलेलं विमान खूप जड असतं. तसंच उतरवलं तर चाकांवर आणि ब्रेकवर जास्त ताण येतो, थांबायला धावपट्टीही जास्त लागते. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० सारख्या विमानांना हवेत इंधन सोडून देता येत नाही, ते उडूनच जाळावं लागतं. शिवाय तेवढ्या वेळात पायलटना शांतपणे काम करता येतं.

चाकांचा दिवा लागला नाही तर?

चाकं खाली येऊन लॉक झाली की कॉकपिटमध्ये साधारणपणे तीन हिरवे दिवे लागतात. एक जरी लागला नाही, तरी पायलट असं करतात:

१. लँडिंग सोडून विमान परत वर नेतात. याला गो-अराउंड म्हणतात.
२. कामं वाटून घेतात. एक जण फक्त विमान उडवतो, दुसरा चेकलिस्ट वाचतो.
३. गरज पडल्यास पर्यायी पद्धत वापरतात. यात चाकांचं लॉक सोडलं जातं आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात.
४. कंट्रोल टॉवर आणि केबिन क्रूला कळवतात. खाली फायर ब्रिगेड तयार राहते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम

यातली दुसरी पायरी किती महत्त्वाची आहे, हे २९ डिसेंबर १९७२ ला अमेरिकेत मायामीजवळ कळलं. ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानात पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही, आणि कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यातच गुंतले. ऑटोपायलटचा उंची राखणारा मोड सुटला, विमान हळूहळू खाली येत गेलं, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. विमान दलदलीत कोसळलं आणि शंभरच्या आसपास माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं, फक्त बल्ब जळालेला होता!

म्हणून आज पायलटना हेच शिकवतात: आधी विमान सांभाळा, मग दिशा बघा, मग बोला.

याउलट २००५ मध्ये जेटब्लूच्या ए३२० चं पुढचं चाक चक्क आडवं फिरलं होतं. पायलटनी दोन तासांहून जास्त वेळ घिरट्या घालून इंधन जाळलं आणि लॉस एंजेलिसला उतरताना पुढचं चाक शक्य तितका वेळ वर धरलं. ते टेकल्यावर ठिणग्या उडाल्या, पण कुणालाही इजा झाली नाही.

आपण प्रवासी म्हणून काय करायचं?

- क्रू सांगेल तसे वाकून बसा, बेल्ट घट्ट ठेवा.
- बाहेर पडायला सांगितलं तर बॅग तिथेच सोडा. मोबाईलवर शूटिंग तर अजिबात नको. तुमचे दहा सेकंद मागच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतात.
- ट्रॅकिंग अ‍ॅपवर एखादं विमान घिरट्या घालताना दिसलं, तर "विमान कोसळणार" असे मेसेज फॉरवर्ड करू नका. बहुतेक वेळा आत दोन माणसं चेकलिस्टची एकेक ओळ नीट वाचत असतात.